औषध होण्याआधीचं आयुष्य

पिंपरीच्या नावाचा एक जिवाणू आहे. स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना हे त्याचं शास्त्रीय नाव. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला; पंचक्रोशीत सगळे त्याला नुसतं 'एच. ए.' म्हणतात. देशात पेनिसिलिन बनवणं हे त्याचं पहिलं काम. पण तिथल्या संशोधन विभागात एम. जे. थिरुमलाचार आणि त्यांचे सहकारी सूक्ष्मजीव वेगळे करत, वाढवत आणि त्यांच्या अर्कात काय दडलंय ते तपासत होते. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना या जिवाणूत बुरशी मारणारं एक द्रव्य सापडलं. त्याचं नाव हॅमायसिन.

बुरशीच्या पेशीच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नावाचा स्निग्ध पदार्थ असतो. हॅमायसिन त्याला जाऊन चिकटतं, आवरणाला गळती लागते आणि पेशी मरते. जिवाणूंच्या आवरणात एर्गोस्टेरॉल नसतंच, त्यामुळे ते बनवणाऱ्याला स्वतःला काही होत नाही. किती अचूक नेम! बुरशीच्या आजारांनी गांजलेल्या माणसांसाठी ते औषध ठरलं.

पण मातीतल्या त्या जीवाला माणसाच्या तोंडातल्या किंवा कातडीवरच्या बुरशीशी काय देणंघेणं? आज वापरात असलेली बहुतेक नैसर्गिक प्रतिजैविकं स्ट्रेप्टोमायसिस आणि त्याच्या भाऊबंदांकडून आलेली आहेत. ती सारी द्रव्यं माणूस पृथ्वीवर येण्याच्या कितीतरी आधीपासून बनत होती. कुणासाठी? कशासाठी? या प्रश्नाच्या मागे लागलं की गोळीच्या पाकिटावर छापलेल्या नावाआधीचं एक प्रचंड लांब आयुष्य दिसू लागतं. ती द्रव्यं आपण वापरायची कशी, हेही तेच आयुष्य शिकवतं, असं मला मनापासून वाटतं.

भुकेच्या वेळी

जिवाणू म्हटलं की सुटी, एकेकटी पेशी डोळ्यांपुढे येते. स्ट्रेप्टोमायसिस तसा नाही. त्याचा बीजाणू रुजतो, त्यातून बारीक तंतू निघतो, तंतूला फाटे फुटतात आणि मातीच्या कणाकणांतून जाळं पसरतं. हे रूप पाहून शास्त्रज्ञ बराच काळ त्याला बुरशीच्याच जवळचा समजत होते. हे जाळं पाचकरस सोडतं आणि पालापाचोळा, कुजकी मुळं, मेलेल्या किड्यांच्या कवचातलं कायटिन असलं चिवट अन्न विरघळवून शोषून घेतं. मात्र ते जिथे रुजलं तिथेच अडकलेलं असतं. संकट आलं तर पोहत दुसरीकडे जाण्याची सोय त्याला नाही.

अन्न संपतं तेव्हा कसोटी लागते. मग हे जाळं स्वतःचाच काही भाग मोडून टाकतं. मोडलेल्या तंतूंतून सुटलेल्या पोषणावर नवे तंतू हवेत उभे राहतात आणि त्यांच्या टोकांना बीजाणूंच्या माळा धरतात. पण तेच पोषण आजूबाजूच्या हजारो भुकेल्या जिवाणूंनाही आयतं मिळू शकतं. नेमक्या याच घडीला प्रतिजैविकं तयार होऊ लागतात. पेशीभित्तिकेतून सुटणारा शर्करेचा एक अंश, एन-ॲसिटिल ग्लुकोसअमाइन, या कामी इशारा देतो. अन्न भरपूर असताना तोच अंश 'वाढत राहा' असं सुचवतो. उपासमारीत तोच 'बीजाणू धरा, संरक्षण सुरू करा' असं सांगतो. रेणू एकच, पण परिस्थिती पाहून अर्थ वेगळा.

स्ट्रेप्टोमायसिस सीलिकलर या जातीच्या वसाहतीत तर कामाची वाटणीही दिसते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आढळलं, की वसाहतीतल्या काही पेशी आपल्या गुणसूत्राचे मोठे तुकडे, कधी दहा लाख अक्षरांपर्यंतचे, कायमचे गमावतात. अशा पेशींना बीजाणू फारसे धरत नाहीत, पण त्या प्रतिजैविकं जास्त आणि अधिक प्रकारची बनवतात. म्हणजे वंश पुढे नेण्याचं काम इतरांवर सोपवून काही जणी फक्त राखणीला उभ्या राहतात.

बीजाणूंना दूर नेण्याची तजवीजही विलक्षण आहे. पहिल्या पावसाचा मृद्गंध ज्याच्यामुळे येतो तो जिओस्मिन हा रेणू बनवणाऱ्यांत स्ट्रेप्टोमायसिस अग्रभागी आहे, आणि तो बीजाणू धरण्याच्या वेळीच तयार होतो. स्प्रिंगटेल नावाचे मातीतले चिमुकले सहा पायांचे जीव त्या वासाने ओढले जातात, जिवाणू खातात आणि अंगाला चिकटलेले, पोटातून गेलेले बीजाणू इतरत्र पोचवतात. जिवाणूच्या विषारी द्रव्यांचा निचरा करणारी विकरं या जिवांकडे आहेत, म्हणून त्यांना ही मेजवानी पचते. पाण्याच्या एक लाख कोटी भागांत जिओस्मिनचे पाच-दहा भाग असले तरी माणसाच्या नाकाला ते कळतं. ज्या सुगंधाने आपण हरखतो, तो मुळात एका वाहकाला घातलेली साद आहे.

पिशवीभर माती

या जगाकडे माणसाचं लक्ष गेलं ते अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात. १९४३ साली सेल्मन वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत आल्बर्ट शॅट्झ या तरुण विद्यार्थ्याने स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियसमधून स्ट्रेप्टोमायसिन वेगळं केलं. क्षयरोगाच्या जंतूवर चालणारं ते पहिलं प्रतिजैविक. पुढच्या वर्षी आलेल्या शोधनिबंधावर शॅट्झ, एलिझाबेथ ब्यूगी आणि वॅक्समन अशी तीन नावं होती. १९५२चं नोबेल मात्र एकट्या वॅक्समन यांना मिळालं.

मग जगभरची माती गोळा होऊ लागली. मिसुरीतल्या प्रयोगशेतातून ऑरिओमायसिन आलं. ज्या लेडर्ले प्रयोगशाळेने ते शोधलं तिथे संशोधनाची धुरा येल्लाप्रगडा सुब्बाराव या भारतीयाच्या हाती होती. काराकासजवळच्या मातीतून क्लोरॅम्फेनिकॉल, फिलिपिन्समधल्या इलोइलोच्या मातीतून एरिथ्रोमायसिन, बोर्निओहून एका मिशनऱ्याने पाठवलेल्या मातीतून व्हँकोमायसिन, फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या पाइनच्या रानातून रिफामायसिन. जपानमध्ये सातोशी ओमुरा यांना इतो शहराजवळ गोल्फच्या मैदानालगतच्या मातीत जो स्ट्रेप्टोमायसिस मिळाला, त्याच्यातून पुढे आयव्हरमेक्टिन आलं आणि त्याने परजीवी कृमींमुळे येणाऱ्या अंधत्वापासून असंख्य माणसांना वाचवलं.

प्रत्येक द्रव्य सारखं दुर्मीळ नाही. मातीतून सहज उचललेल्या शंभर ॲक्टिनोमायसिट, म्हणजे स्ट्रेप्टोमायसिसच्या मोठ्या कुळातल्या, जिवाणूंत साधारण एक जण स्ट्रेप्टोमायसिन बनवणारा निघतो. टेट्रासायक्लिनसाठी हजारांत एक. व्हँकोमायसिनसाठी लाखात एखाद-दुसरा. डॅप्टोमायसिनसाठी तर कोटीत जेमतेम एक-दोन. साठच्या दशकानंतर नवी औषधं मिळेनाशी झाली त्यामागचं हे एक मोठं कारण. सोप्या पद्धतीने शोधणाऱ्याच्या हाती पुन्हा पुन्हा तीच सामान्य द्रव्यं येत राहिली.

कोट्यवधी वर्षांची कारागिरी

असा रेणू घडतो तरी कसा? एरिथ्रोमायसिनचं उदाहरण घेऊ. त्याचा सांगाडा तीन महाकाय प्रथिनं मिळून बनवतात. त्यांच्यात एकामागोमाग एक सहा विभाग असतात. पहिल्या तुकड्यापासून सुरुवात होते आणि प्रत्येक विभाग तीन कार्बन अणूंचा एक तुकडा जोडून वाढता रेणू पुढच्या विभागाच्या हवाली करतो. स्लॅब टाकताना माणसांच्या रांगेतून घमेली हातोहात पुढे जातात, तसंच. इथे मात्र प्रत्येक जण त्यात आपली भर घालतो. शेवटी साखळीचं टोक वळून कड्यासारखं बंद होतं, त्यावर शर्करा चढतात आणि औषध तयार होतं.

या प्रथिनांची जनुकं गुणसूत्रावर एकमेकांना लागून, एका गटात असतात. रेणू बनवण्याची, तो पेशीबाहेर टाकण्याची आणि त्यापासून स्वतःला वाचवण्याची अशी सगळी जनुकं शेजारी शेजारी. त्यामुळे पूर्ण गटच्या गट एका जिवाणूकडून दुसऱ्याकडे जाऊ शकतो. मधला एखादा विभाग गळतो, एखादा दुपटीने येतो, दुसऱ्या गटातला तुकडा येऊन जुळतो आणि नवा रेणू जन्माला येतो. स्ट्रेप्टोमायसिसचं कूळ चाळीस कोटी वर्षांच्या आसपास जुनं असावं असा अंदाज आहे. वनस्पती जमिनीवर पाय रोवत होत्या आणि जमिनीची पहिली खरी माती बनत होती, त्या सुमाराची ही गोष्ट.

हे रेणू केवळ मारण्यासाठीच असतात का, यावर शास्त्रज्ञांत दीर्घ चर्चा आहे. मातीत त्यांचं प्रमाण अनेकदा फार थोडं असतं. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातले ज्युलियन डेव्हिस यांनी आग्रहाने मांडलं, की अल्प प्रमाणात हेच रेणू संदेशासारखे वागतात. एरिथ्रोमायसिन किंवा रिफाम्पिसिन मारक नसलेल्या मात्रेत दिलं, तर साल्मोनेला जिवाणूची कितीतरी जनुकं चालू-बंद होतात. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात: जवळच्याला विष, दूरच्याला सूचना.

विष बनवायचं तर स्वतःला सांभाळावंच लागतं. स्ट्रेप्टोमायसिन जिवाणूच्या प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेला, रायबोसोमला, चिकटतं आणि संदेशाचं वाचन चुकवतं. ग्रिसियसला स्वतःचाही रायबोसोम आहे. म्हणून तो पेशीच्या आत या रेणूवर फॉस्फेटचा एक गट लावून ठेवतो. तो असेपर्यंत औषध निष्प्रभ. बाहेर टाकल्यावर फॉस्फेट निघतो आणि औषध जागं होतं.

म्हणजे प्रतिरोधाची पहिली जनुकं औषध बनवणाऱ्यांकडेच जन्मली. कॅनडाच्या युकॉन प्रदेशात ३०,००० वर्षं गोठून राहिलेल्या मातीतल्या डीएनएमध्ये पेनिसिलिनच्या कुळातली औषधं, टेट्रासायक्लिन आणि व्हँकोमायसिन यांना दाद न देणारी जनुकं २०११ साली सापडली. न्यू मेक्सिकोतली लेचुगिया गुहा चाळीस लाख वर्षांहून अधिक काळ बाहेरच्या जगापासून तुटलेली होती. तिथल्या काही जिवाणूंवर आजच्या डझनभर औषधांचा परिणाम झाला नाही. प्रतिरोध आपण निर्माण केलेला नाही. आपण औषधांचा मारा करून त्या जुन्या जनुकांना रुग्णालयांत आणि गोठ्यांत वाव दिला.

मिशांतलं औषध

इथे एक कोडं उभं राहतं. प्रतिरोध इतका जुना असेल, तर एवढ्या काळात ही द्रव्यं निकामी कशी झाली नाहीत? याचं सर्वांत सुंदर उत्तर एका गांधीलमाशीकडे आहे.

युरोपात बीवुल्फ नावाची गांधीलमाशी आढळते. तिची मादी मधमाश्या पकडून, डंखाने लुळ्या करून जमिनीखालच्या बिळात नेते आणि त्यांच्यावर अंडं घालते. अळी ते अन्न खाते, कोश विणते आणि त्यात कित्येक महिने, अख्खा हिवाळा काढते. ओल्या मातीत, मेलेल्या कीटकांच्या सोबतीने! बुरशीला याहून चांगली जागा मिळणार नाही. तरीही बऱ्याच अळ्या सुखरूप बाहेर येतात.

त्याचं रहस्य मादीच्या मिशांत आहे. मार्टिन काल्टेनपोथ आणि सहकाऱ्यांनी २००५ साली दाखवून दिलं, की मिशांच्या खास ग्रंथींत ती स्ट्रेप्टोमायसिस पाळते. अंडं घालण्याआधी ती बिळाच्या छताला त्या जिवाणूंचा पांढरा लेप लावते. अळी तो लेप कोशाच्या धाग्यांत विणून घेते. पुढे २०१०मध्ये कळलं, की कोशाच्या पृष्ठभागावर हे जिवाणू एकाच वेळी नऊ प्रतिजैविकं बनवतात: स्ट्रेप्टोक्लोरिन आणि पियेरिसिडिनचे आठ प्रकार. एकाला न जुमानणारी बुरशी दुसऱ्यापुढे अडखळते.

ही सोबत किमान ६ कोटी ८० लाख वर्षांची आहे. म्हणजे डायनोसॉर जिवंत असताना ती सुरू झाली होती. वेगवेगळ्या बीवुल्फ जातींत हे मिश्रण फारसं बदललेलंही नाही. संशोधकांनी त्याची दोन कारणं मांडली आहेत. एक म्हणजे मिश्रण. दुसरं असं, की कोशावर हल्ला करणाऱ्या बुरश्या मातीतल्या सर्वसाधारण बुरश्या आहेत. त्यांचं पोट बीवुल्फवर अवलंबून नाही, म्हणून तिच्या औषधांवर मात करण्यासाठी त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या दाब येत नाही. औषध थोड्या जागेत, गरजेच्या काळापुरतं आणि अनेक द्रव्यांच्या सोबतीने वापरलं जातं.

खाऱ्या पाण्यातली मंडळी

समुद्रतळाच्या गाळात ॲक्टिनोमायसिट सापडले तरी ते जमिनीवरून वाहून आलेले बीजाणू असावेत, असं बराच काळ मानलं जाई. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतले पॉल जेन्सन आणि विल्यम फेनिकल यांनी १९८०च्या दशकाच्या शेवटी बहामा बेटांजवळचा गाळ तपासला आणि हा समज मोडायला सुरुवात झाली. त्यातले काही जिवाणू समुद्राच्या पाण्याशिवाय वाढेनात. ते अस्सल समुद्राचे रहिवासी होते. पुढे त्यांच्या प्रजातीला सॅलिनिस्पोरा हे नाव मिळालं.

सॅलिनिस्पोरा ट्रॉपिका या जातीचा जीनोम २००७ साली वाचला गेला. त्यातला जवळपास दहावा हिस्सा अशी रसायनं बनवण्यासाठी राखलेला निघाला. तिच्यापासून मिळालेल्या सॅलिनोस्पोरामाइड ए या द्रव्यात क्लोरिनचा एक अणू आहे, आणि तो खाऱ्या पाण्यातल्या मिठातूनच घेतलेला असतो. पेशीतली नको झालेली प्रथिनं मोडणाऱ्या यंत्रणेवर हे द्रव्य कायमचं बसतं; त्या अणूमुळेच ते सुटत नाही. कर्करोगाच्या रुग्णांवर त्याच्या चाचण्या झाल्या. जिवाणूने स्वतःसाठी त्या यंत्रणेच्या एका भागाचा, या द्रव्याला दाद न देणारा वेगळा नमुना बाळगलेला आहे.

जपानच्या समुद्रात २८९ मीटर खोलीवरच्या गाळातल्या एका जिवाणूने ॲबिसोमायसिन सी दिलं. फॉलिक ॲसिड बनवण्याच्या वाटेवरचा एक टप्पा ते बंद करतं. जिवाणू फॉलिक ॲसिड स्वतः बनवतात, माणूस ते अन्नातून घेतो. म्हणून हा घाव फक्त जिवाणूवर बसतो.

आणि समुद्रातही पिल्लांची राखण करणारे जिवाणू आहेत. एका जातीच्या कोळंबीच्या अंड्यांवर आल्टेरोमोनास जिवाणूंचा थर असतो. प्रयोगशाळेत तो काढून टाकला तेव्हा अंड्यांतले जीव बुरशीने भराभर मेले. हे जिवाणू बनवतात त्या आयसॅटिन या साध्या रेणूच्या द्रावणात अंडी बुडवली तेव्हा ते वाचले. १९८९ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग वाचताना बीवुल्फ आठवते. एक मातीत, एक पाण्यात, जिवाणूही निरनिराळ्या कुळांतले. तरी दोघींनी आपल्या संततीच्या भोवती जिवंत औषधालय उभं केलं.

न वाढणारे नव्व्याण्णव

मातीतले शंभर प्रकारचे जिवाणू घेतले तर नेहमीच्या पद्धतीने प्रयोगशाळेत जेमतेम एखादा वाढतो. ज्या विविधतेतून आपली औषधं आली, ती या एका टक्क्याची. शिवाय वाढतात तेही सगळं दाखवत नाहीत. २००२ साली सीलिकलरचा जीनोम वाचला गेला. त्यात सुमारे ७,८०० जनुकं आणि त्यांत रसायनं बनवणाऱ्या जनुकांचे वीसहून अधिक गट होते. डेव्हिड हॉपवुड यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी या जातीचा दशकानुदशके अभ्यास केला होता, आणि तरी त्यातली मोजकीच द्रव्यं माहीत होती. बाकीचे गट प्रयोगशाळेत गप्प बसतात. शेजारी दुसरा जिवाणू वाढवला की त्यांतले काही बोलू लागतात.

न वाढणाऱ्यांना वाढवायचं कसं? बोस्टनमधल्या किम लुईस आणि स्लावा एप्स्टाइन यांनी प्रश्नच उलटा केला. जिवाणूला प्रयोगशाळेत आणण्याऐवजी प्रयोगशाळाच मातीत पुरली. आयचिप नावाच्या छोट्या पट्टीत शेकडो कप्पे, प्रत्येकात सरासरी एक पेशी, वर सूक्ष्म छिद्रांचा पडदा. मातीतली पोषकं आत येतात, जिवाणू बाहेर जात नाही. या पद्धतीने मेन राज्यातल्या मातीत एलेफ्थेरिया टेरी हा अनोळखी जिवाणू सापडला आणि त्याच्यातून टेक्सोबॅक्टिन. २०१५ साली त्याची घोषणा झाली. ते जिवाणूच्या भिंतीसाठी लागणाऱ्या स्निग्ध रेणूला पकडतं. हा रेणू प्रथिनांसारखा एका जनुकाच्या बदलाने पालटता येत नाही, म्हणून प्रतिरोध निर्माण होणं कठीण.

मिश्रणाचं शहाणपण

स्ट्रेप्टोमायसिन मिळालं तेव्हा क्षयरोग हरला असं वाटलं. १९४८ साली ब्रिटनमधल्या प्रसिद्ध चाचणीचे निष्कर्ष आले. रुग्ण सुधारले होते, पण अनेकांच्या शरीरातले जंतू काही महिन्यांतच औषधाला जुमानेनासे झाले होते. त्यानंतर स्ट्रेप्टोमायसिनच्या जोडीला पीएएस हे दुसरं औषध दिलं, तेव्हा प्रतिरोध एकदम खाली आला. आज क्षयरोगाच्या रुग्णाला सुरुवातीला चार औषधं एकत्र दिली जातात. त्यांतलं रिफाम्पिसिन हे फ्रान्सच्या पाइनच्या रानातून आलेल्या त्याच रिफामायसिनचं सुधारलेलं रूप. जगातल्या क्षयरुग्णांपैकी साधारण चौथा हिस्सा भारतात आहे, म्हणून ही गोष्ट आपल्यासाठी फार जवळची आहे.

माणसाला हे शहाणपण चाचण्यांतून, मृत्यू मोजून शिकावं लागलं. बीवुल्फच्या मिशांतले जिवाणू मिश्रणाचा हा मार्ग कोट्यवधी वर्षांपासून चालत आहेत. एक औषध एकटं आणि सतत वापरलं की त्याची धार जाते. अनेक मिळून, गरजेपुरतं, पुरेसा काळ वापरलं की ती टिकते. सर्दीखोकल्यासाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या दोन गोळ्या, कोंबड्या लवकर वाढाव्यात म्हणून खाद्यात मिसळलेलं औषध, बरं वाटताच अर्ध्यावर सोडलेला क्षयरोगाचा उपचार: यांतली प्रत्येक गोष्ट या शहाणपणाच्या उलट जाते.

नवी औषधं मिळतील, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. समुद्राचा गाळ, कीटकांची अंगं, वनस्पतींची मुळं आणि आधीच जपून ठेवलेल्या जिवाणूंचे अबोल जीनोम यांत ती आहेत. पुण्यातल्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्रासारख्या ठिकाणी अशा जिवाणूंचे प्रचंड संग्रह सांभाळले जातात, आणि त्यांच्यावर काम करणाऱ्या तरुण हातांची गरज आहे. पण शोधणाऱ्याने 'तू काय बनवतोस?' एवढंच विचारून थांबू नये. 'तू कुणाबरोबर राहतोस, कधी बनवतोस, किती बनवतोस?' हेही विचारावं. पहिल्या प्रश्नातून औषध मिळतं. उरलेल्या तीन प्रश्नांच्या उत्तरांतून ते आपल्या नातवंडांपर्यंत टिकवायचं कसं, हे कळतं.